चिठ्ठीला दिलेलं उत्तर

माझ्या बायकोला दागिन्यांची हौस नाही, साड्यांची नाही, प्रवासाची तर मुळीच नाही. वीणाला हौस आहे ती सभा भरवण्याची. चार माणसं एका दिशेला तोंड करून बसलेली दिसली की तिला चैन पडत नाही. यांच्यासमोर कुणाला तरी बोलायला उभं केलंच पाहिजे, असं तिला वाटतं.

हे दुखणं माहेरून आलेलं. तिचे वडील वासुदेवराव विट्याला बँकेत कारकून होते. पण मे महिना आला की बँक दुय्यम आणि व्याख्यानमाला मुख्य. सतरंज्या मागून आणायच्या, माइकवाल्याची मनधरणी करायची, वक्त्याला एसटी स्टँडवरून घेऊन यायचं, आणि भाषण संपल्यावर घरी पाटावर बसवून जेवायला वाढायचं. वीणाकडे चिठ्ठ्यांचं काम असे. श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही, आणि फ्रॉकमधल्या वीणानं रांगांमधून फिरून त्या गोळा करून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवायच्या. वासुदेवरावांचे नियम कडक होते. आलेली चिठ्ठी वाचायचीच, वक्त्याला झोंबली तरी. आणि व्यासपीठावरून चुकीचं काही सांगितलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच व्यासपीठावर उभं राहून ते दुरुस्त करायचं. माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा त्यांनी मला हे नियम ऐकवले होते. हुंड्याचा विषय निघायची भीती होती, तिथे चिठ्ठ्यांचा निघाला, म्हणून मी आनंदानं माना डोलावल्या.

पुढे बाईसाहेब शिकल्या आणि अमेरिकेच्या राजकारणात शिरल्या. हॉलंडमध्ये टिलबर्गला डॉक्टरेट करायला आल्या, तिथेच शिकवायला लागल्या. मी मागोमाग आलो आणि हूफडॉर्पच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला लागलो. घर विट्याचं, सासर पुण्याचं, नोकरी टिलबर्गची आणि काळजी ओहायोची, असं मी तिला चिडवतो. भारतीय बाई हॉलंडमध्ये बसून अमेरिकेवर कशाला बोलते, असं लोक विचारतातच. तिचं उत्तर ठरलेलं: "शेजारच्या घरातलं भांडण माणसाला नीट दिसतं."

दोन हजार वीसच्या सप्टेंबरात तिनं विद्यापीठात 'नागरिकत्व आणि अमेरिकेचं राजकारण' अशी भाषणांची मालिका लावली. अमेरिकेतले प्राध्यापक येणार, सभागृह भरणार, शेवटी कॉफी आणि बिस्किटं, असं तिच्या डोक्यात होतं. कोरोनानं सगळं पडद्यावर आणलं. अमेरिकेत दुपार असताना आमच्याकडे संध्याकाळ असे. वीणा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची आणि मी स्वयंपाकघरात आवाज न करता कुकर लावायचा. हे कसं करायचं ते ज्याला माहीत असेल त्यानं मला जरूर कळवावं.

पहिलं भाषण जॉर्जियातल्या एका प्राध्यापकांचं होतं. अमेरिकेत मत कुणाला मिळतं, कुणाला नाकारलं जातं, यावर ते जीव तोडून बोलले. समोर काळे चौकोन. एकाचाही कॅमेरा चालू नाही. "काही प्रश्न?" वीणानं विचारलं. कुणाचा तरी कुत्रा भुंकला, तेवढाच काय तो प्रतिसाद. दुसऱ्या भाषणाला कुत्रासुद्धा नव्हता.

तिच्या विभागाच्या प्रमुख मार्गोबाई उंच, सरळ आणि बोलण्यात त्याहून सरळ. इथली माणसं मनातलं पोटात ठेवत नाहीत. त्या फोनवर म्हणाल्या, "वीणा, हे चालत नाहीये. नोव्हेंबरपर्यंत बघू, नाहीतर थांबवू. कुणाचा वेळ घालवण्यात अर्थ नाही."

वीणानं फोन ठेवला. मग तिनं माझे नवे बूट खोक्यातून काढून जमिनीवर ठेवले, खोक्याला पांढरा कागद चिकटवला आणि झाकणाला सुरीनं फट पाडली.

"हे काय?"

"चिठ्ठ्यांचा डबा. संजीवच्या दुकानात ठेवणार आहे."

संजीव हा आमचा सुरिनामी वाणी. त्याचे पणजोबा बिहारमधून ऊस तोडायला सुरिनामला गेले, आणि तो स्वतः टिलबर्गला भेंडी विकतो. त्याच्या दुकानात सगळं गाव येतं: कढीपत्त्यासाठी आमची आयटीवाली मंडळी, मसाल्यासाठी तुर्की बायका, आणि गावाबाहेरच्या मोठमोठ्या वखारींमधून पाळी संपवून येणारे तऱ्हेतऱ्हेच्या देशांचे कामगार. खोक्यावर वीणानं लिहिलं: अमेरिकेला एक प्रश्न विचारा, नाव लिहू नका. खाली कार्यक्रमात शिरायची लिंक.

मी म्हणालो, "अगं, अमेरिका काय संजीवकडे भेंडी घ्यायला येणार आहे?" आमची मुलगी अपूर्वा बारा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं. पण रागावली की ती डचमध्ये बोलते. आई विद्यापीठाची इज्जत घालवणार, असं तिनं डचमध्ये सांगितलं आणि दार आपटलं. संजीवनं मात्र गल्ल्याशेजारी जागा केली. "रखो दीदी, लोगों के पास पूछने को बहुत है," तो म्हणाला.

आणि खरंच, चिठ्ठ्या आल्या. मोडक्या इंग्रजीत, डचमध्ये, एक तर पावतीच्या पाठीवर. वखारीतल्या माणसाला मतदानाला सुट्टी मिळते का? तुरुंगातून सुटून आलेल्याला मत असतं का? तिथे तासन् तास रांगेत उभे राहतात म्हणे, मग मधेच लघवीला लागली तर नंबर जातो का? वीणानं एकूण एक चिठ्ठी वाचली. लघवीच्या प्रश्नावर मोठमोठ्या ग्रंथांचे लेखक असलेले त्या दिवशीचे वक्ते आधी खो खो हसले आणि मग तावातावानं बोलायला लागले. कुठल्या वस्तीत मतदानाची यंत्रं कमी ठेवतात, रांगेतली माणसं एकमेकांची जागा कशी धरतात, कोण पाणी वाटतं, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या कोण आणतं. काळे चौकोन एकेक करून उजळायला लागले. कुणी बसमधून ऐकत होतं, कुणी स्वयंपाकघरातून, कुणी वखारीच्या उपाहारगृहातून. अमेरिकेची निवडणूक झाली त्या पंधरवड्यात तर गर्दीनं कहर केला. मार्गोबाईंनी फोन करून एवढंच म्हटलं, "वसंत ऋतूपर्यंत चालू ठेव." त्यांच्या तोंडून म्हणजे हा हारतुराच.

वीणा हवेत होती. मी म्हणालो, "सासरेबुवांचा फेटाच मिळाला तुला." तिलाही ते पटलेलं दिसत होतं.

आणि मग ती फेब्रुवारीतली संध्याकाळ आली.

इथल्या संसदेची निवडणूक तोंडावर होती. चौकाचौकात पक्षांच्या पोस्टरांचे मोठे फलक लागले होते. रात्री नऊनंतर संचारबंदी. पडद्यावर कधी नव्हती एवढी माणसं. वीणानं एक चिठ्ठी उलगडली आणि वाचली: "अमेरिकेचं राहू द्या. आम्ही बाहेरून आलो, पाच वर्षं झाली. इथे आमच्या हातात काय आहे?"

वक्ते अमेरिकन. त्यांना इथलं काय ठाऊक? ते म्हणाले, "याचं उत्तर आमच्या सूत्रसंचालक देतील."

वीणानं उत्तर दिलं. "इथे? काही नाही. नागरिक नाही, त्याला मत नाही. मी दहा वर्षं इथे राहते, माझ्याही हातात काही नाही." या आवाजाशी माझा जुना परिचय आहे. ती या आवाजात बोलली की घरात अपील चालत नाही.

मग पडद्याच्या बाजूला लिहिलेल्या ओळींचा पाऊस सुरू झाला. नाही, नाही, हे चूक आहे! संसदेला नसेल, पण नगरपालिकेला आहे! पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला नगरपालिकेच्या निवडणुकीत मत आहे, कित्येक वर्षांपासून आहे! वीणानं ते वाचलं आणि जे आलं होतं ते मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. पण तोपर्यंत पाळीवर जाणारे निघून गेले होते. पडद्यावरची निम्मी माणसं राहिली नव्हती.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याच घरात होता. तीन वर्षांपूर्वी आम्हा दोघांच्या नावानं नगरपालिकेकडून मतदानाची कार्डं आली होती. जाड कागदाची, आमची नावं छापलेली. आम्ही काय केलं? आम्ही घाबरलो. आपण नागरिक नाही, तेव्हा हे संगणकाच्या चुकीनं आलं असणार. चुकून मत दिलं आणि उद्या कुणी खोटं मतदान म्हटलं तर परमिट जाईल, मुलीची शाळा जाईल. मी ती कार्डं बँकेचे जुने कागद फाडतो तशी बारीक बारीक फाडली, वीणानं ती रद्दीच्या डब्यात टाकली, आणि आपण किती प्रामाणिक, म्हणून दोघं खूश होऊन चहा प्यायलो. नंतर मी आमच्या मराठी मंडळींना विचारलं. बहुतेकांनी हेच केलं होतं. एकानं तर 'आपले कार्ड चुकून आमच्याकडे आले आहे' असं नम्र पत्र जोडून ते परत पाठवलं होतं. हक्क हातात ठेवला तरी तो दुसऱ्याचा असेल या भीतीनं आदबीनं परत करायचा, हे आम्हा परमिटवाल्यांनाच जमतं.

वीणाला मात्र हसू येत नव्हतं. या बाईनं मतदानावर प्रबंध लिहिला, आणि स्वतः आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. विट्याच्या यादीत नाव लागलं तेव्हा ती पुण्यात परीक्षेला बसली होती, पुढची निवडणूक आली तेव्हा टिलबर्गमध्ये. पण तिला लागलं होतं ते हे नव्हतं.

"मधू, चिठ्ठीत पाच वर्षं लिहिलं होतं," ती म्हणाली. ताट तसंच समोर. "म्हणजे त्या माणसाला हक्क मिळालेला आहे. नुकताच. विचारायचं धाडस करून त्यानं विचारलं आणि मी सांगितलं, काही नाही. तो ते ऐकून कामावर निघून गेला असेल तर? तो मला शोधायला हवा. पुढच्या मार्चात नगरपालिकेची निवडणूक आहे, त्याच्या आत त्याच्यापर्यंत खरं उत्तर पोचायला हवं."

"चिठ्ठीला नाव नाही. कसा शोधणार?"

"ते मला माहीत नाही," असं म्हणून ती रडली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. 'मला माहीत नाही' हे वाक्य मी तिच्या तोंडून फार क्वचित ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी मार्गोबाईंचा फोन. नागरिकत्वावरच्या व्याख्यानात नागरिकांच्या हक्कांची चुकीची माहिती दिली, अशा दोन तक्रारी आल्या होत्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, व्यवहारी होत्या. "नोंदणी केलेल्या सगळ्यांना दुरुस्तीची मेल पाठव. एक ओळ पुरे. आणि मालिका इथेच थांबवू, तसंही शेवटचं एकच भाषण राहिलं आहे."

"ज्यानं विचारलं त्यानं नोंदणी केलेली नाही," वीणा म्हणाली. "तो वाण्याच्या दुकानातून आलाय. त्याला मेल कुठे पाठवू? मला ते शेवटचं भाषण हवं. त्यातली पहिली पाच मिनिटं माझी."

"पाच मिनिटं माफी? आमच्याकडे एवढी लांब माफी मागत नाहीत."

"आमच्याकडे जिथे चुकलं तिथेच उभं राहून सांगतात. मालिका बंद केलीत तर मला उभं राहायला जागा उरणार नाही."

मार्गोबाई म्हणाल्या, "घे पाच मिनिटं."

शेवटच्या भाषणाच्या संध्याकाळी वीणा खरोखरच उभी राहिली. आणि लॅपटॉप टेबलावर असल्यामुळे सगळ्या जगाला फक्त तिचं पोट दिसायला लागलं. एक हिरवं स्वेटर माफी मागतंय! मी धावलो, लॅपटॉपखाली पाच लिटरचा कुकर घातला, त्यावर डाळीचे दोन डबे, तेव्हा कुठे बाईंचं डोकं पडद्यावर आलं. त्या डबे-कुकरच्या मनोऱ्याला दोन्ही हातांनी धरून मी पूर्ण पाच मिनिटं खाली वाकून उभा होतो. या व्याख्यानमालेला माझं एवढं तरी योगदान आहे, हे नोंदवून ठेवतो.

वीणानं लपवलं काहीच नाही. आलेलं कार्ड आम्ही का फाडलं तेही सांगितलं. "मी अमेरिकेतल्या मतदारांना मतापासून कसं दूर ठेवतात ते शिकवते," ती म्हणाली. "मला कुणी दूर ठेवलं नव्हतं. कार्ड घरी आलं होतं. भीतीनं आम्ही ते फाडलं, आणि मागच्या वेळी तीच भीती ज्ञान म्हणून तुम्हाला दिली. ते चूक होतं. तुम्ही पाच वर्षं इथे असाल, तर या गावात तुम्हाला मत आहे. त्या चिठ्ठीचं उत्तर हे आहे. ज्यांनी विचारलं ते इथे असतील, तर मला फक्त कळवा."

कुणी कळवलं नाही. मात्र एक कॅमेरा उघडला. मार्गोबाई. त्या म्हणाल्या, "माझ्या विभागात इतकी वर्षं परदेशी सहकारी आहेत. मी एकालाही कधी सांगितलं नाही, की तुला मत आहे. मला वाटलं, माहीत असेल. ही चूक एकट्या वीणाची नाही." आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मालिका पुढचं वर्षभर चालेल असं त्यांनी जाहीर करून टाकलं. वीणाचा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेला अर्धा त्या चिठ्ठीवाल्याकडे होता.

मग सुरू झाली तिची वणवण, अर्थात माझीही. वीणानं छोटे कागद छापले. 'फेब्रुवारीतल्या कार्यक्रमात मी चुकीचं सांगितलं. तुम्हाला मत आहे. कार्ड आलं तर फाडू नका. वीणा.' डच, इंग्रजी, पोलिश, तुर्की, अरबी. भाषांतरं तिच्या विद्यार्थ्यांनी केली, आणि सायकली आम्ही हाणल्या. संजीवचं दुकान झालं, पोलिश दुकान झालं, मशीद झाली, अरबी बेकरी झाली, वखारींच्या बसचा थांबा झाला. समोरून येणारा या ब्राबांत प्रांताचा वारा असा की पायडल मारून माणूस मागे जातो. उन्हाळ्यात लसीकरण सुरू झालं, तेव्हा तर बाईंना पर्वणीच. इतकी माणसं, एका दिशेला तोंड करून, आयती रांगेत! दंडावर कापूस दाबून बसलेल्या अनोळखी माणसाला ही विचारणार, "तुम्हाला इथे किती वर्षं झाली?" एक गृहस्थ घाबरून परमिट दाखवायला लागले. मी लाजेनं छताकडे बघत राहिलो. वीणा त्यांच्या शेजारी बसली आणि निवांतपणे तिनं त्यांना सगळं समजावलं. ते उठताना तिचा हात हातात घेऊन गेले. तेव्हापासून मी छताकडे बघणं सोडलं आणि कागद वाटायला लागलो.

शरद ऋतूत मालिका पुन्हा सुरू झाली, डिसेंबरात टाळेबंदी आली, पुन्हा पडदा आला. दर वेळी वीणा शेवटी विचारायची, मागच्या फेब्रुवारीत ती चिठ्ठी लिहिणारं कुणी आहे का? दर वेळी काही नाही. मी तिला समजावलं. अगं, शेकड्यांनी माणसांना कळलं, तो एक नाही सापडला तर काय बिघडलं? ती म्हणाली, "शेकड्यांनी मला विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं."

दोन हजार बावीसच्या मार्चात निर्बंध उठले, आणि मालिकेचं शेवटचं भाषण अखेर खऱ्याखुऱ्या सभागृहात झालं. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेची निवडणूक. जॉर्जियाचे प्राध्यापक विमानानं आले होते. वीणा त्यांना घ्यायला स्टेशनवर गेली आणि घरी आणून जेवू घालूनच तिनं त्यांना सभेला नेलं. अंगावर इरकली साडी आणि पायात थंडीचे बूट. दारात चिठ्ठ्यांचा डबा. आणि माणसं! विद्यार्थी, मार्गोबाईंचा सगळा विभाग, तुर्की बायका, आमची आयटीवाली मंडळी मुलाबाळांसह, वखारीचे कामगार पिवळी जाकिटं घालूनच. दुकान लवकर बंद करून संजीव सहकुटुंब आला होता. खुर्च्या संपल्या, पायऱ्या भरल्या. अपूर्वा माझ्याशेजारी उभी होती. ती मराठीत म्हणाली, "बाबा, आईनं भरवलं ना हे सगळं?" मराठीत!

भाषण झालं, चिठ्ठ्या झाल्या. वीणा आभार मानायला उभी राहिली तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठली. चाळिशीची, डोक्याला निळा रुमाल, हातात चिठ्ठी नाही.

"माझं नाव हनान," ती अडखळत्या पण स्वच्छ डचमध्ये म्हणाली. "मी सीरियाची. वखारीत काम करते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती चिठ्ठी मी लिहिली होती."

वीणानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही म्हणालात, काही नाही. मी फोन बंद केला आणि पाळीवर गेले. उपाहारगृहात सगळ्यांना सांगितलं, प्रोफेसर म्हणाल्या, आपल्या हातात काही नाही. वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. आम्हाला असंच ऐकायची सवय आहे. मग उन्हाळ्यात बेकरीत तुमचा कागद मिळाला. माझ्या भाषेत. सगळ्यांना पुन्हा सांगत फिरले. त्यांना खरं वाटेना. ते म्हणाले, प्रोफेसर असं लिहून चूक कशाला कबूल करील?" सभागृह हसलं. हनान हसली नाही. "तुम्ही शोधत होतात ते मला कळलं होतं. पण पडद्यावर नको होतं. मला ते तुमच्या तोंडून, समोर ऐकायचं होतं. म्हणून आज पाळी बदलून आले. आणि उपाहारगृहातल्या सगळ्यांना घेऊन आले. आता परत विचारते. आम्ही बाहेरून आलो. इथे आमच्या हातात काय आहे?"

वीणा एरवी एका प्रश्नाला तीन मुद्दे आणि दोन उपमुद्दे सांगते. आज ती माइक बाजूला ठेवून व्यासपीठाच्या अगदी कडेला आली.

"मी चुकले होते," ती म्हणाली. "तुमच्या हातात मत आहे. माझ्या मताइतकंच, मार्गोच्या मताइतकंच. आणि नुसतं मत नाही, हनान. तुम्ही निवडणुकीला उभ्यासुद्धा राहू शकता."

"ते माहीत आहे," हनान म्हणाली. "मी उभी आहे. पक्षाच्या यादीत एकविसावी."

आणि मग ते सभागृह असं उसळलं की विचारू नका. पिवळ्या जाकिटांतले कामगार खुर्च्यांवर उभे राहिले. संजीव शिट्ट्या मारत होता. विद्यापीठाच्या व्यासपीठावरून प्रचार चालत नाही, असं सांगायला मार्गोबाई उठल्या असाव्यात. पण त्या नुसत्याच उभं राहून टाळ्या वाजवत राहिल्या. वीणा पायऱ्या उतरून रांगेत घुसली, आणि इरकली साडी व निळा रुमाल एकमेकींना मिठी मारून रडताना मी पाहिले. मीही रडलो. उगाच खोटं कशाला बोलू?

निकालाचं आधीच सांगून टाकतो. एकविसावा क्रमांक फार खालचा, हनान त्या खेपेला निवडून आली नाही. पण नावानिशी पडलेली मतं मोजली, तेव्हा वरच्या कितीतरी पुरुषांना तिनं मागे टाकलं होतं, आणि पुढच्या वेळी वरच्या पाचांत घेऊ असं पक्षानं तिला आपण होऊन सांगितलं.

मला सांगायचंय ते मतदानाच्या दिवशीचं. आमच्या वस्तीतल्या व्यायामशाळेत केंद्र होतं. आत मुलांच्या चढायच्या दोऱ्या अजून छताला लटकत होत्या. टेबलामागच्या आजोबांनी वीणाचं कार्ड घेतलं, परमिट पाहिलं. परदेशी माणसाचं. आजोबांनी यादीत बोट फिरवलं, नावाचे जमतील तसे तुकडे करून ते मोठ्यानं वाचलं आणि चादरीएवढी मतपत्रिका तिच्या हातात दिली.

माझं मत पटकन झालं. वीणा बाहेर येईना. आडोशाच्या खाली तिचे बूट तेवढे दिसत होते. मागे रांग वाढली. शेवटी आजोबांनी विचारलं, "बाई, सगळं ठीक ना? काही मदत हवी का?"

"नको," आतून आवाज आला. "मी पहिल्यांदाच मत देतेय."

आजोबांनी आमच्या मागच्या रांगेकडे पाहिलं, हातानंच सगळ्यांना थांबा म्हणून खूण केली, आणि म्हणाले, "मग सावकाश द्या."

रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही.